डावऱ्या पट्टेवाल्याचा पहिला नंबर

महालिंगा,

तुला बसवून नेलं. तुमच्यात रीतच तशी, मेलेल्या माणसाला आडवं करत न्हाईत. कपाळाला भस्माचे पट्टे ओढले, मांडीवर बेलाची पानं ठेवली, आन तू मखरात मान जराशी कलती करून असा बसलास, जसा तंबूतल्या पुढच्या खुर्चीत बसून खेळ सुरू व्हायची वाट बघतोयस. पुढं भजनवाले, मागं सगळं तेर गाव. ते मखरबी मीच ठोकलं. गंगव्वावयनीनं सांगावा धाडला होता, "दुसरा सुतार नको, किसनभावजींनाच बोलवा." ठोकलं. बांबू तासून घेतले, तुला काही टोचू नये म्हणून. आन मग त्याच मखराच्या बाजूनं खाली चिखलातून चालताना मनात काय आलं सांगू? मनात आलं, बघा, मेल्यावरबी हा वर आन मी खाली. आन वरची बैठक मीच करून दिली.

सगळे रडत होते. मी जळत होतो. तू ओळखलं असशीलच, तुला माझं सगळं ओळखायची खोड होती.

तुला जाऊन अजून महिना न्हाय. मला लिहायचा सराव न्हाय हे तुला ठाऊक आहे. पंतोजीच्या शाळेत आपण दोघं एकाच दिवशी बसलो. तू चार बुकं शिकलास, वर उर्दूबी शिकलास. मी डाव्या हातानं पाटीवर क काढला म्हणून पंतोजीनं माझा डावा हात पंचानं पाठीशी बांधला आन म्हणला, आता काढ. मी काढला न्हाय. दुसऱ्या दिवशीबी बांधला, तरी काढला न्हाय. तिसऱ्या दिवशी मी शाळेतच गेलो न्हाय. तेवढ्यावर माझं शिक्षण झालं. पुढं मोठेपणी हिशेबापुरतं लिहायला तूच शिकवलंस, तुझ्या दुकानाच्या फळीवर, आन हात बांधला न्हायस. म्हणून हे डाव्या हातानंच लिहितोय. गिचमिड आहे. वाचायला तू न्हाईस, तर कुणाला तरास?

आता तकरार सांगतो. आयुष्यभर मनात ठेवली, आता ठेवून काय करू?

तू महिन्यातनं दोनदा छोट्या गाडीनं बार्शीला जायचास दुकानाचा माल आणायला. बार्शी म्हंजे इंग्रजी मुलूख. तिथं पक्कं थेटर, बारमाही खेळ. आपल्याकडं निजामाच्या राज्यात तंबू यायचा तो सुगी झाल्यावर, तहसिलीचा परवाना काढून, आन पावसाच्या आत गुंडाळून जायचा. म्हंजे जो शिनेमा मी औंदा बघायचो तो तू गेल्या साली बघून, सांगून, जुना करून ठेवलेला असायचा. परत येताना करोडगिरी नाक्यावरचा जकातीचा शिपाई तुझी पोती तपासायची सोडून शिनेमा ऐकत बसायचा आन गाडी शिट्टी मारायची. हे तूच हसत हसत सांगायचास. मला हसू यायचं न्हाय.

माझी जनी मीठ आणायला तुझ्या दुकानी गेली की तासभर यायची न्हाय. तू तराजू हातात धरून शिनेमा सांगायचास आन बाया मिठाची टोपली कमरेवर घेऊन उभ्या. घरी मी तोच शिनेमा सांगायला बसलो की जनी "व्हय, व्हय" करत भाकरी थापायची आन मधेच म्हणायची, "पर महालिंगभावजी तर म्हणले घोडा पांढरा हुता." होता तर होता! मी काय काळा म्हणलो? पण तू सांगितलेला घोडा तिला दिसायचा, माझा दिसायचा न्हाय. माझ्याच बायकोला. हे कुठल्या नवऱ्याला सोसंल?

आन नंबर लावायची ती टूमबी तुझीच. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून कुणाची जोडी आधी जायची यावरून आपल्याकडं डोकी फुटतात. मानाचा बैल गेला की मग बाकीचे. तू म्हणलास, बैलाला मान, मग शिनेमाला का न्हाय? तेव्हापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारची जेवणं झाली की तुझ्या दुकानासमोर मंडळी जमायची. पुजलेले मातीचे बैल मांडायचे, एकेक बैल म्हंजे त्या वरसाचा एकेक शिनेमा. दोन डबे उभे करून मधे सुतळी बांधायची, ती वेस. भांडून भांडून जो पहिला ठरंल त्याचा बैल सुतळीखालून पहिला. आपल्याला शिनेमांची नावं ध्यानात राहायची न्हाईत. घोड्याचा, सावत्र भावांचा, अशीच वळख. देवाचा शिनेमा मात्र ओळीत उभा करायचा न्हाय, हा गणपत न्हाव्याचा कायदा. त्याचा बैल वर फळीवर, कुंकू लावून. "देवाला दुसरा नंबर दिला तर पाऊस कोन पाडंल? तुमी?" गणपत म्हणायचा, आन सगळ्यांना पटायचं.

मी दरसाली हरायचो. तू बोलायला लागलास की तू ज्याला पहिला म्हणशील तोच पहिला. तुझ्या बोलण्यात शिनेमा असायचा, माझ्या बोलण्यात नुसतं भांडण.

आता ती गोष्ट लिहितो जी मी कुण्या जित्या माणसाला सांगितली नव्हती. मी तंबूत कुठं बसायचो ती.

पुढं मातीवर सगळे बसायचे. त्यांच्या मागं बाकडी. पण पोलिसांचा अमीन आला, कचेरीतले मुन्शी आले, पाटील आला की त्यांच्या खुर्च्या मातीवाल्यांच्या मधेच मांडायचे, आन मग आपण त्यांच्या बुटांच्या शेजारी. पहिल्याच खेपेला एका मुन्शीनं पाय लांब केला आन माझ्या पाठीला बूट लागला. मी उठलो. तुम्हा सगळ्यांना सांगितलं की मी मशीनपाशी बसतो, तिथून बेस दिसतं. खरं म्हंजे मी तंबूला वळसा घालून पडद्याच्या मागच्या अंगाला जायचो. तिथं वडारी, पालावरची माणसं, गावोगाव फिरणारे लोक बसायचे. तिथं खुर्ची नव्हती. सगळेच मातीवर, कुणी कुणाच्या पायाशी न्हाय. पडदा पातळ, मागनंबी सगळं झळझळीत दिसायचं. सुरवातीला अक्षरं यायची ती वाचता यायची न्हाईत. मला वाटायचं उर्दू असणार. सरकार उर्दू, कचेरीतल्या पाट्या उर्दू, तर शिनेमाबी उर्दूच लिहिणार. खेळ संपला की पालावरची माणसं दुसऱ्या गावाला जायची. त्यांच्याशी कधी ताडून बघायचा परसंगच आला न्हाय.

असंच एका साली पट्टेवाल्याचा शिनेमा आला. एकटा गडी, किल्ल्याच्या दारात उभा, हातात दांडपट्टा, आन समोर पन्नास जण. पट्टा डाव्या हातात. महालिंगा, मी वडाऱ्यांच्यात बसून रडलो रं. जन्मल्यापासून मी ऐकत आलो, डावऱ्याचं औत वाकडं, डावऱ्याच्या हातचं नारळ देवाला चालत न्हाय, जेवताना आईबी हातावर मारायची. आन इथं एवढा मोठा मर्द, राजाचा सरदार, डाव्या हातानं राज्य राखतोय, आन कुणी त्याला काही म्हणत न्हाय.

त्या सालच्या करीला चार बैल होते. तुझा पहिला, विहिरीवाल्या बाईचा. नवरा परागंदा झालेला, ती एकटी रोज हातभर खणते, म्हातारी होईस्तोवर खणते. माझा पहिला, पट्टेवाल्याचा. तू विहिरीवालीचं सांगून झालास, बाया डोळं पुसत होत्या, तेवढ्यात मी म्हणलो, "पट्टेवाला पयला. डाव्या हातानं लढतोय त्यो. कुनी बघितलंय का असं?"

गणपत म्हणला, "डाव्या? आरं उजव्या हातात व्हता की पट्टा."

"डाव्या."

"सुताराला सगळी दुनियाच डावरी दिसती!"

सगळी मंडळी हसली. नुसती हसली न्हाय, लोळली. कुणीतरी डाव्या हातानं विडा तोंडात घालून दाखवला. मी उठून उभा राहिलो आन तुला म्हणलो, "महालिंगा, तू बार्शीला बघितलाय. पुढं बसून बघितलाय. गवाही दे."

तू विहिरीवालीचा बैल हातात घेऊन बसला होतास. माझ्याकडं बघितलंस. लई वेळ बघितलंस. मग तो बैल बाजूला ठेवलास, पट्टेवाल्याचा उचललास आन सुतळीखालून पहिला घातलास. म्हणलास, "किसन म्हनतो त्येच खरं. डावराच हाय गडी. आन म्हनूनच पयला."

मी जिंकलो. पहिल्यांदा आन शेवटचं.

आन तुझं काय झालं? गणपत तिथंच म्हणला, "ह्यो बार्शीत शिनेमा बघतो का भाईर भजी खाऊन येतो?" सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी उजवा हात बघितलेला. त्या दिवसापासून तू शिनेमा सांगायला लागलास की कुणीतरी हटकून विचारायचं, "डाव्या हातानं का उजव्या?" तुला नावच पडलं, डावा-उजवा. नाक्यावरच्या शिपायापर्यंत गेलं. बाया मीठ घेऊन सरळ घरी जायला लागल्या. तू हसायचास आन तराजू उचलायचास.

हे लिहायला लाज वाटती, पण लिहितो. मला बरं वाटायचं. जनी लवकर घरी यायला लागली होती.

आता यंदाचं. यंदा तंबूवाल्यानं बाजारपटांगणाच्या कडंला, पडक्या भिंतीला लागून तंबू मारला. पडदा भिंतीलाच. मागं मांजर शिरंल एवढीबी फट न्हाय. आन नेमका पट्टेवालाच परत आलेला. मी दोन वळसे घातले, मग तंबूच्या दाराशी खांबाला टेकून उभा राहिलो. बसलो न्हाय. दिवेलागणीला खेळ सुरू झाला. अक्षरं आली. त्यात मला क दिसला. किसनचा क, सरळ, धडधाकट, मराठी. मला आनंद झाला, म्हणलं, आता शिनेमाबी मराठी लिहायला लागले.

मग पट्टेवाला आला. उजव्या हातात पट्टा घेऊन.

आधी वाटलं, ह्या लबाड तंबूवाल्यानं दुसराच गडी आणला, पहिल्याचा भाऊ असंल. पण किल्ल्याचं दार डावीकडं होतं ते उजवीकडं गेलेलं. बुरूजबी बाजू बदलून गेलेला. सगळं गाव फिरलेलं. एवढी वरसं मी पडद्याची पाठ बघत होतो. आन माझा डावरा कधी नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्याकडं आलो. तू आजारानं खाटंला लागलेला. रात्रभर मी काय काय जुळवून आणलं होतं. म्हणणार होतो, हरामखोरा, तू खोटी गवाही का दिलीस? माझी कीव केलीस का मनात हसलास?

तूच आधी बोललास. "आलास? कसा झाला खेळ?"

"बरा झाला."

"मान्सं व्हती?"

"व्हती."

तू आढ्याकडं बघत म्हणलास, "पट्टा डाव्याच हातात हाय न्हवं रं?"

माझ्या तोंडात सगळं आलेलं. मी म्हणलो, "डाव्याच."

"मग झालं," म्हणलास आन कूस बदललीस.

त्यानंतर आपण पावसाचं बोललो, तुझ्या खोकल्याचं बोललो, ह्याचं बोललो न्हाय. आन तू गेलास.

तिसऱ्या दिवशी मी मखराचे उरलेले बांबू न्यायला आलो होतो. गंगव्वावयनी एकट्या बसल्या होत्या. मी दारातनंच विचारलं, "वयनी, महालिंगाला ठाऊक होतं का, मी तंबूत कुठं बसतो ते?"

त्या म्हणल्या, "पडद्यामागं. भांडण झालं त्या करीलाच घरी येऊन सांगितलं मला. म्हणले, किसन कुनाच्या पायाशी बसायचा न्हाय, त्यो मागं जातो. त्याला उलटं दिसतंय."

"मग खोटं का बोलला?"

"मी बी भांडले त्यांच्याशी. म्हणलं, गावात हसं करून घेतलं. तर म्हणले, चारचौघांत खरं बोललो असतो तर त्यो पुन्हा तंबूत आला नसता. मग मी भांडू कुनासंगं? गणपतसंगं?" आन वयनीनं पदर तोंडाला लावला. मग रागानंच म्हणल्या, "तुमाला काय भावजी, तुमी जिंकलासा."

तिथून मी घरी गेलो आन भाकरी खाल्ली न्हाय. जनी म्हणली, दुःख झालंय. दुःख होतंच. पण महालिंगा, त्याच्या वर चढून जळणं बसलं होतं. म्हणलं, इथंबी हाच पहिला! शिनेमा सांगण्यात पहिला, हसवण्यात, रडवण्यात पहिला, ते मी कसंबसं गिळलं. आन मी एकदा जिंकलो म्हणून उराशी धरून बसलो होतो, तर ते जिंकणंबी ह्याच्याच हातचं दान. आन देऊन वर तोंडातनं शब्द काढला न्हाय. चांगुलपणात तरी मला पुढं जाऊ द्यायचं होतंस की रं. तिथं कुणाची खुर्ची मांडलेली नव्हती.

परवा कर झाली. मला वाटलं कुणी जमणार न्हाय. पण जमले. गंगव्वावयनीनं दार उघडं ठेवलं होतं, बसायला सतरंजीबी टाकली होती. गणपतनं बैल आणले, डबे मांडले, सुतळी बांधली. मग हात झाडत म्हणला, "आता यंदा बोलनार कोन? डावा-उजवा तर गेला."

मी म्हणलो, "गणपत, त्याला त्या नावानं हाक मारायची न्हाय."

"आता गं बया! तुज्यामुळंच तर पडलं त्ये नाव."

"म्हनूनच सांगतोय. मी पडद्यामागं बसत होतो."

"कुठं?"

"पडद्यामागं. वडाऱ्यांच्यात. तंबू यायला लागला तवापासनं. मागनं सगळं उलटं दिसतंय. पट्टा उजव्याच हातात हाय. महालिंगाला सगळं ठाऊक होतं. माझी मान खाली जाऊ नये म्हनून त्यानं स्वतःची घातली."

कुणी तरी फिसकन हसलं, मग सगळेच. "मंग घोडाबी मागं मागं पळाला का रं तुज्याकडं?" हसू दिलं. मी उभाच होतो. हसणं आपोआप संपलं. गणपत खाली बघत सुतळीची गाठ चाचपत बसला. म्हणला, "आन आमी त्याला वरसानुवरसं..." मग एकदम सावरून त्यानं दोन बैल पुढं ओढले. "आता न्याय करायचा. त्या सालचा पयला नंबर हिरीवालीचा. महालिंगाचा. कबूल?"

"कबूल," सगळे म्हणले. वयनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी म्हणलो, "न्हाय."

सगळे माझ्याकडं असे बघायला लागले जसं मी तुला आत्ताच मारलं. गणपत म्हणला, "आरं, मेल्या मानसाशीबी हट्ट?"

तुला एकट्याला सांगतो. विहिरीवाली पट्टेवाल्याच्या दहापट चांगली होती. तेव्हाबी होती. शेवटी पाणी लागल्यावर बाई त्याला हात लावती आन पीत न्हाय, ते बघून मीबी डोळं पुसले होते, मागच्या अंगाला. तुझ्यासमोर कधी कबूल केलं न्हाय. पण नंबर देणार न्हाय. तू मला फुकट दिलास, महालिंगा. मी भांडून घेतला असता तर तो माझा झाला असता, हरलो असतो तर हार तरी माझी असती. तू दोन्ही नेलंस आन मोठा होऊन बसलास. फुकट मिळालेलं काय असतं ते मला विचार. ते मी तुझ्या वाट्याला येऊ देणार न्हाय.

मंडळींना म्हणलो, "नंबर बदलायचा तर भांडून बदला. त्याच्या बाजूनं कोन बोलतंय? बोला."

कुणी बोलंना. गणपतला टोमणा मारता येतो, भांडता येत न्हाय. बाकीचे नुसते माना हलवतात. मग मला राग आला आन मीच तुझ्या बाजूनं बोलायला लागलो. ती एकटी कशी खणती ते सांगितलं. पहिल्या दिवशी लोक हसतात ते सांगितलं. खालनं आभाळ केवढंसं दिसतं, रोज कसं बारीक होत जातं, ते सांगितलं. ते तुझंच वाक्य, मी जसंच्या तसं उचललं. वयनी उंबऱ्यावर बसल्या. गणपतनं चिलीम विझू दिली. मग ध्यानात आलं की मी हरत चाललोय, म्हणून मधेच थांबून म्हणलो, "पर आता पट्टेवाल्याचं ऐका..."

गणपत म्हणला, "किसन, त्ये ऱ्हाऊ दे. त्या हिरीचं फुडं सांग."

सांगितलं. काय करतो. पण नंबर बदलला न्हाय.